टेकडीसाठी टायरं

टायरवाल्याने जुनं टायर आडवं पाडलं, नक्षीवरून अंगठा फिरवला आणि मान वर करून बापूंकडे पाहिलं. टायर मधोमध घासून गुळगुळीत झालं होतं. कडा मात्र कोऱ्या. कारखान्यातून येतानाचे रबराचे बारीक केससुद्धा जागच्या जागी. असं टायर दगडधोंड्यांतून गेलेलं नसतं, ते डांबरी रस्त्यावर मजेत धावलेलं असतं. हे टायरवाल्याने ओळखलं. त्याने ओळखलंय, हे बापूंनी ओळखलं. त्यांनी बायकोच्या पाठीमागून डोळा मिचकावला. म्हणजे दोन्ही मिचकावले. एकच मिचकावणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"वाटेत खडक फार दिसतोय," टायरवाला म्हणाला. धंद्यात मुरलेला माणूस होता.

"फार म्हणजे? परवा गाडीसकट घसरले," माई म्हणाल्या. "कोपर सोलून घरी आले. म्हणून तर मी स्वतः आले. यांच्यावर सोडलं तर हे स्वस्तातलं काहीतरी घालून मोकळे होतील."

कोपर सोललं होतं, यात खोटं काही नव्हतं. फक्त ते सोललं होतं मंडईच्या वळणावर, कुणीतरी सांडलेल्या तेलावर. मंडईच्या माडीवर कॅरमची खोली होती. गेली काही वर्षं बापूंच्या दुपारी तिथे जात. घरी सांगताना मात्र त्या टेकडीवर जात.

टेकडीवरचा जमिनीचा तुकडा माईंच्या वडिलांनी माईंना दिलेला. दोघांनी मिळून तिथे लिंबाची रोपं लावली. पाणी घालायची जबाबदारी बापूंनी आपणहून घेतली. गुडघे कुरकुरतात म्हणून चार जाड चाकांची ती उघडी फटफटी, ती एटीव्ही, घेतली. पहिले काही आठवडे ते खरोखरच गेले. मग कॅरम सापडला. तेव्हापासून रोज रात्री जेवताना ते बागेचा अहवाल देत. अमुक ओळीला पालवी फुटली, तमुक झाडावर कीड दिसली. रोपं कंबरेएवढी झाली, खांद्याएवढी झाली. गेल्या वर्षी तर लिंबं धरली. तेव्हापासून बापू येताना मंडईतून निवडून निवडून पिशवीभर आणत. पानासकट असलेली दोन-चार वर ठेवत. माई एखादं नाकाशी धरत आणि म्हणत, "टेकडीवरच्या पाण्याचा गुणच वेगळा."

टायरवाल्याने माल मांडला. चिखलासाठी उंच, लांब लांब बसवलेल्या बटणांची टायरं. चिखल धरून न ठेवता मागे फेकणारी. वाळूसाठी रुंद, मऊ, जवळजवळ वल्ह्यासारखी. खडकासाठी जाड गालांची आणि दगडाला चिकटणाऱ्या रबराची.

"आणि ही?" बापूंनी कोपऱ्यातल्या बारीक नक्षीच्या टायरांवर प्रेमाने हात ठेवला. "ही शांत वाटतात. पाठीला धक्काही कमी बसेल."

"ती पक्क्या रस्त्याची, काका."

बापूंना खोकला आला.

माईंनी एकेक टायर अंगठ्याने दाबून पाहिलं, कलिंगड घ्यावं तसं वाजवूनही पाहिलं. मग खडकाच्या टायरांपाशी थांबल्या. "ही द्या. चारही."

टायरवाल्याला बापूंची दया आली असावी. "काकू, एक सांगून ठेवतो. खडकावर यांना तोड नाही. पण डांबरावर फार ओरडतात. सगळी गल्ली बाहेर येईल."

"ओरडेनात का," माई म्हणाल्या. "हे कुठे जातात डांबरावर? हो ना हो?"

"छे," बापू म्हणाले. "मी कशाला जातोय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू फाटकाबाहेर पडले. डावीकडे टेकडीची कच्ची वाट, उजवीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाणारा डांबरी रस्ता. सवयीने ते उजवीकडे वळले. टायरांनी असा काही गळा काढला की समोरची कुत्री उठून पळाली. बापूंनी वेग कमी केला, तर आवाज कमी न होता नुसता रडका झाला. खिडकीत माई आल्या.

"अहो, टेकडी तिकडे आहे ना?"

"टायरं तापवतोय!" बापू ओरडले आणि वळले.

टेकडीची वाट चढताना त्यांना कॅरमचा बोर्ड आठवत होता. टायरं मात्र सुरेख चालली. दगड धरत होती, घसरणीवर हलत नव्हती, आवाजाचं नाव नाही. माथा जवळ आला तशी बापूंनी गाडी हळू केली. वर वाळलेल्या काड्या उभ्या असणार. निदान त्या उपटून टाकू, ते मनाशी म्हणाले. नवी रोपं आणू, मोठी बघून. कधी माई आलीच वर, तर लाज राहील.

वर काड्या नव्हत्या. पत्र्याची लांबलचक शेड होती आणि जाळीमागून शेकडो कोंबड्या माना वाकड्या करून बापूंकडे बघत होत्या.

बापूंचा पारा चढला. जागेवर हक्क आहे, हे त्यांना फार दिवसांनी आठवलं होतं.

"कोण आहे रे तिकडे?" ते गरजले. "माझ्या लिंबाच्या बागेत कोंबड्या कुणी आणल्या? रोज येतो मी इथे, रोज!"

शेडमधून बादली घेऊन एक माणूस बाहेर आला. त्याने गाडीकडे पाहिलं, बापूंकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"बापू ना तुम्ही? आलात एकदाचे! माईंनी जागा विकली तेव्हाच बजावून ठेवलंय, हे कधी चुकून आलेच, तर आधी खुर्ची द्या, मग पाणी द्या, आणि मगच सांगा की व्यवहार होऊन दोन वर्षं झाली."