लॅपटॉपमधला जानेवारी

अहेरीच्या सोमारीला संध्याकाळपर्यंत प्रबंध विद्यापीठाला पाठवायचा होता आणि संदर्भ साठवणारं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन लॉगिनच घेत नव्हतं. तिनं पासवर्ड बदलला, कुकीज पुसल्या, एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकलं, तरी तेच. "काऊन रडून राह्यली?" अंगणात मोहफुलं वाळवणाऱ्या आईनं विचारलं. सोमारीची नजर मोहफुलांवरून लॅपटॉपवरच्या तारखेवर गेली. बाहेर चैत्र होता, तिथे जानेवारी! आतली घड्याळाची छोटी बॅटरी उतरल्यानं लॅपटॉपची तारीख मागे पडली होती, म्हणून लॉगिन अडत होतं. तिनं तारीख दुरुस्त केली. लॉगिन झालं! साठवलेले सगळे संदर्भ भराभर झळकले. "माय, आलं! इकडे ये!" "मले काय समजते त्यातलं?" म्हणत आई धावतच आली. सोमारीनं एका ओळीवर बोट ठेवून वाचलं, "मडावी, जैनी. जंगलहक्कावरची मुलाखत." "माह्यं नाव?" आईनं हात पदराला पुसले. "मंग पाठव न लवकर!"