कसं काढलंस?

"शंभरातून सात वजा करा," डॉक्टर म्हणाला. "जे उरेल त्यातून पुन्हा सात. मी थांबा म्हणेपर्यंत."

बाई हसल्या. शेजारच्या खुर्चीतली त्यांची लेकही हसली, पण जरा उशिरा.

"अरे, तू स्वतः वजाबाकी कोणाच्या पुस्तकातून शिकलास?"

"तुमच्याच," डॉक्टर ओशाळून म्हणाला. "तिसरीत."

"आणि आता माझीच परीक्षा घ्यायला बसलास. घे बाबा, घे."

भाषणाला निघाल्यासारख्या ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या त्या. पाठ ताठ, पर्स मांडीवर. सगळं आधीच ठरलं होतं. डोकं शाबूत आहे असं डॉक्टरने एकदा सांगितलं, की सोमवारी पाठ्यपुस्तक समितीच्या बैठकीत अध्यक्षांच्या खुर्चीत त्याच बसणार, आणि लेकीने त्यांच्या मागेमागे फिरणं बंद करायचं. लेक कबूल झाली होती. आपण तोंडावर आपटावं आणि आई जिंकावी, असंच तिला मनापासून वाटत होतं. कारण गेल्या महिन्यात तिसरीच्या नव्या पुस्तकाची मुद्रितं तपासताना छापलेली बरोबर उत्तरं बाईंनी लाल पेनने खोडून शेजारी चुकीची लिहिली होती. लेकीने ती गुपचूप पूर्ववत केली आणि कोणापाशी ब्र काढला नाही. आईपाशीही नाही.

"त्र्याण्णव," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने मान हलवली.

"शहाऐंशी."

लेकीचा जीव भांड्यात पडला. आपण उगाच धसका घेतला, तिला वाटलं. दमल्या असतील त्या दिवशी. चष्म्याचा नंबरही वाढला असेल. माणसाने किती वर्षं बारीक अक्षर वाचायचं?

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला ओरडून दिशा सांगत होतं. बाईंनी क्षणभर तिकडे पाहिलं.

"एक्याऐंशी," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरचा चेहरा होता तसाच राहिला. त्याला तसं शिकवलेलं असणार. लेकीलाही तसंच शिकवलेलं होतं, आणि शिकवणारी शेजारीच बसली होती. मुलाचं उत्तर ऐकून मास्तराची भुवई हलता कामा नये, हा बाईंचा पहिला धडा. दुसरा त्याहून कडक. उत्तर बरोबर असो की चूक, प्रत्येक पोराला विचारायचं, कसं काढलंस? फक्त चुकणाऱ्यालाच विचारलंत तर पोरं लगेच ओळखतात, की बाईंनी विचारलं म्हणजे आपलं काहीतरी बिनसलं. मग ती मनातलं सांगत नाहीत, घाबरून उत्तर बदलतात. हे गावोगावच्या शिक्षकांच्या गळी उतरवण्यात बाईंची हयात गेली. मागच्या बाकावर बसून त्या तास बघायच्या, आणि बरोबर उत्तराला नुसतं 'शाब्बास' म्हणून पुढे सरकणाऱ्याची नंतर खरडपट्टी काढायच्या. लेक नवी शिक्षिका होती तेव्हा तिचीही काढली होती. सगळ्यांसमोर, आणि घरी जेवताना पुन्हा एकदा.

एक्याऐंशी. ही चूक लेकीच्या चांगल्याच ओळखीची होती. बाईंचं नाव झालं ते ही चूक उलगडून दाखवल्यामुळेच. सहातून सात जात नाहीत, म्हणून मूल सरळ उलटं करतं, सातातून सहा घेतं. इतर लोक याला आळस म्हणायचे, धांदरटपणा म्हणायचे. बाई भर सभेत त्यांच्याशी भांडल्या होत्या, की हे मूल विचार करतंय, आधी त्याला विचारा तरी.

"पुढे," डॉक्टर म्हणाला.

पुढे काय येणार ते लेकीला दिसलं. एकातून सात जात नाहीत, म्हणून सातातून एक. पुन्हा शहाऐंशी. मग पुन्हा एक्याऐंशी. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत आई याच दोन आकड्यांत येरझाऱ्या घालणार, तशीच ताठ बसून, त्याच ठणठणीत आवाजात. तिला ते बघवणार नव्हतं. डॉक्टरने हाताने गप्प राहण्याची खूण केली तरी तिच्या तोंडून निघून गेलं,

"कसं काढलंस, आई?"

बाईंचा चेहरा खुलला. कोणी विचारलं की तो नेहमीच खुलायचा.

"सोपं आहे. सातातून सहा गेले, राहिला एक. आठ आपले तिथेच. एक्याऐंशी."

बाहेरची गाडी निघून गेली होती.

मग बाई सावकाश लेकीकडे वळल्या. मागच्या बाकावरून बघायच्या, तशाच तिच्याकडे बघत राहिल्या.

"त्र्याण्णव म्हटलं तेव्हा विचारलं नाहीस."

"आई, अगं..."

"शहाऐंशीलाही नाही विचारलंस."

लेकीने भुवई हलू दिली नाही. तिला ते चांगलं जमत होतं. बाईंनी त्या कोऱ्या चेहऱ्याकडे पुरतं पाहून घेतलं. रागावल्या नाहीत. पर्सची चेन उघडली, आतला लाल पेन काढला आणि लेकीच्या हातात दिला.

"सोमवारी तू जा," त्या म्हणाल्या. "आणि मुद्रितं पुन्हा तपास. माझा हात लागलाय तिथे तिथे सगळं."