वरची विहीर

बूट काढून कल्याणीच्या पायऱ्या उतरणारा हा पहिलाच सरकारी माणूस. आधी आलेले दोघे बुटांनिशी थेट पाण्यापर्यंत गेले होते, आणि सत्यवतीअक्कांनी मनातल्या मनात त्यांची चांगली हजेरी घेतली होती. याने मात्र बूट देवळाच्या ओट्याशी ठेवले, मोजे त्यात कोंबले आणि अनवाणी खाली गेला.

नाव नरसिंह, काम इंजिनियरचं. घरी मराठीच बोलतो म्हणाला, म्हणजे अक्कांसारखाच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्यांपैकी. झालं, अक्का विरघळल्या. साहेबाचा अर्ध्या तासात 'अरे नरसिंहा' झाला.

कल्याणी म्हणजे गंगम्माच्या देवळामागचं पायऱ्यांचं कुंड. शहाण्णवच्या त्या उन्हाळ्यात ते बुजवून वर दुकानांची इमारत उठवायचं ठरलं होतं. हे नुसतं पावसाचं साचलेलं पाणी आहे, डासांचं घर आहे, असं कागदात लिहिलं होतं. अक्का चाळीस वर्षं दर शुक्रवारी या पाण्याला हळदकुंकू वाहत आलेल्या. ऐन वैशाखातही त्यांना तळ दिसला नव्हता. साचलेलं पाणी असं टिकतं होय?

त्यांचे यजमान गुंडोपंत शेवटपर्यंत सांगत राहिले की बसवनगुडीच्या टेकडीखालून एक नदी निघते, रस्त्यांखालून, घरांखालून वाहत येते आणि तिचाच झरा इथे फुटतो. वरच्या अंगाला तिच्यावर एक विहीर आहे, संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या झाडाशेजारी. त्या विहिरीत पडलेला कुणाचा तरी तांब्या इथे खाली निघाला होता म्हणे. तो तांब्या कुणी पाहिला नव्हता, ते सोडा.

नरसिंहाने सगळं ऐकून घेतलं. कुंडाचा निर्णय घेणाऱ्या सरकारी कमिटीला गोष्ट चालत नाही, पुरावा लागतो, म्हणाला. पाणी जिवंत आहे असं दाखवता आलं तर कुंड वाचेल, नाहीतर पंधरा दिवसांत मातीच्या लॉऱ्या येतील.

उपायही त्यानेच सुचवला. पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या टाक्यांची गळती शोधायला एक हिरवा रंग वापरतात. चिमूटभर घातला तरी पाणी लखलखतं, माशालासुद्धा अपाय नाही. तो वरच्या विहिरीत ओतायचा. खाली हिरवं उमटलं तर नदी खरी.

अक्का लगेच पत्ता सांगू लागल्या, बस कुठे बदलायची, कोणत्या दुकानाशी वळायचं.

"माहीत आहे मला ती विहीर," नरसिंह म्हणाला.

मीही येते, असं त्या म्हणताच त्याने मान हलवली. उन्हाचं कशाला अक्का, तुम्ही आपलं खाली लक्ष ठेवा, कुणीतरी इथेही हवंच की. ते पटण्यासारखं होतं.

सोमवारी रंग ओतल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. अक्का पायरीवर ठाण मांडून बसल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला, पाणी आपलं काळंशार. खरं सांगायचं तर त्यांना धास्ती कुंडाची होती तशी गुंडोपंतांचीही होती. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, आता त्यांचा शब्द खोटा पडला तर? नवऱ्याला थापाड्या म्हणायचा हक्क त्यांचा होता, कमिटीचा नव्हता.

बुधवारी उजाडताना त्या फुलं घेऊन निघाल्या. फाटकाला बांधलेली तार सुटलेली दिसली. पुजारी येऊन गेला असेल, म्हणत त्या आत शिरल्या आणि जागीच थबकल्या. पूर्वेच्या कोपऱ्यात, दगडाच्या सांदीपासून, पोपटी रंगाची एक रेघ निघाली होती. बघता बघता ती पायरीएवढी रुंद झाली.

अक्का मटकन खाली बसल्या आणि रडल्या, कुणी ऐकलं तरी चालेल अशा मोठ्याने.

"आलात का," त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या. नदीला म्हणाल्या की गुंडोपंतांना, ते त्यांनाच ठाऊक.

आठच्या सुमाराला कमिटीची माणसं येऊन बघून गेली. नरसिंह त्यांच्याबरोबर होता. त्याच्या पँटचे काठ ओले होते. सकाळी नळाला पाणी आलं, स्कूटर धुतली, म्हणाला. अक्कांनी त्याच्या हातावर प्रसादाची कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, ठेवली आणि तो खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात कागद आला. जिवंत झरा, बांधकाम रद्द.

"तुझे उपकार कसे फेडू रे?" अक्कांनी विचारलं.

"नदीचे म्हणा, अक्का. मी फक्त रंग ओतला."

नदीचे म्हणायचे तर आधी वरच्या विहिरीचा मान. शुक्रवारी अक्कांनी खण-नारळ घेतला, दोन बसा बदलल्या आणि बसवनगुडीला उतरल्या. संपिगेचं झाड लगेच सापडलं. गुंडोपंतांनी सांगितल्याबरहुकूम, अगदी कोपऱ्यावर. झाडाखाली गंगव्वा नावाची फुलवाली बसली होती. अक्कांनी कन्नडमध्ये तिला विहीर विचारली.

गंगव्वाने हनुवटीने शेजारच्या सिमेंटच्या चौथऱ्याकडे खूण केली. त्यावर चार स्कूटर उभ्या होत्या. विहीर बुजवून पाच वर्षं झाली म्हणाली.

असं कसं होईल, अक्का जरा चिडूनच म्हणाल्या. गेल्याच्या गेल्या सोमवारी नरसिंह नावाचे इंजिनियर इथे येऊन विहिरीत रंग ओतून गेले आहेत.

"सोमवारी कुणी आलं नाही, अक्का. मी रोज इथेच असते." गंगव्वाने गजऱ्याची गाठ मारली. "नरसिंह साहेब तेव्हा आले होते. विहीर त्यांनीच उभं राहून बुजवली. शेवटची लॉरी रिकामी झाली, सगळे गेले, तरी ते एकटे थांबले. बूट काढून त्या मातीवर उभे होते, अंधार पडेपर्यंत."