निनावी ठिपका

"कुठलाही एक ठिपका निवडा, बाई. तो कोण, हे कुणीही सांगून दाखवावं. पैज!" कंपनीचा माणूस म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यावर अख्ख्या शहराचा नकाशा पसरला होता. त्यावर वारूळ फुटावं तसे ठिपके धावत होते. एक ठिपका म्हणजे बसचं एक कार्ड. कोण कुठे चढलं, कुठे उतरलं, ही सगळी माहिती कंपनीला हवी होती. बदल्यात ती बसचे नवे मार्ग आखून देणार होती, तेही फुकटात. परिवहन खात्याच्या प्रमुख बाईंची सही तेवढी बाकी होती.

खात्याचे वकील मात्र अडून बसले होते. "फुकट कुणी पाणीसुद्धा पाजत नाही. माणूस कुठे जातो, कधी जातो, हा त्याचा खासगी मामला आहे."

"अहो, पण नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही. सगळं पुसून घेतलंय. उरला तो नुसता ठिपका."

बाई इतका वेळ ऐकत होत्या. बोलायला फटकळ, पण ऐकून घेतल्याशिवाय बोलायच्या नाहीत. खात्याने गाडी दिली असूनही त्या बसनेच यायच्या. आपल्या हातचं आपण खाल्लं नाही तर लोकांना कुठल्या तोंडाने वाढायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हा. हा घ्या."

कंपनीच्या माणसाने कळ दाबली. बाकीचे ठिपके विझले आणि एकच उरला. तो सोमवारी सकाळी रेल्वे स्टेशनसमोर बसमध्ये चढला आणि चक्क याच कार्यालयाच्या दारात उतरला.

"अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!" जनसंपर्क अधिकारी खुर्चीतल्या खुर्चीत उसळला. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. खोलीत हशा पिकला. स्टेशनवरून तर निम्मं कार्यालय येत होतं. कुणी हिशेबनिसाचं नाव घेतलं, कुणी भांडारवाल्या ताईंचं. ताईंनी हात जोडले. "मी नाही हो बाबा!"

संध्याकाळी ठिपका परत स्टेशनला. मंगळवारीही तेच. बुधवारी दुपारी मात्र तो उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला. शहर मागे पडलं, तरी तो उतरेना. शेवटच्या थांब्यावर उतरला. पुढच्या बुधवारी तेच, त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच.

शेवटच्या थांब्यावर तुरुंगाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि बुधवार हा कैद्यांना भेटायचा दिवस होता. हे परिवहनवाल्यांना ठाऊक असणारच, कारण त्या दिवशी तिकडे जादा बस तेच सोडायचे.

हशा विरला. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला आणि कुणी आपल्याकडे बघितलं की नजर चुकवू लागला.

"बुधवारी दुपारी जागेवर कोण नसतं?" जनसंपर्क अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "हजेरी काढली तर आत्ता कळेल."

"द्या ना!" कंपनीच्या माणसाला स्फुरण चढलं. "तुमची हजेरी याला जोडतो. दोन मिनिटांत नावासकट दाखवतो."

काही क्षणांपूर्वी आपण काय पैज लावली होती, याचंही त्याला भान राहिलं नाही. त्याने हजेरीसाठी हात पुढे केलाही.

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या. "तो ठिपका माझा आहे. माझा भाऊ आत आहे. बुधवारी डेपो बघायला जाते असं सांगून मी त्याला भेटायला जाते. झालं समाधान?"

कंपनीच्या माणसाने घाईघाईने पडदा बंद केला आणि पुन्हा पुन्हा माफी मागितली.

"तुम्ही कशाला माफी मागता? उलट नीट समजावून सांगितलंत." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सही होणार नाही. या तुम्ही."

बातमीला पाय फुटले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाईंच्या भावाने दरोडा घातला होता. दुपारच्या चहापर्यंत खून. बाईंचं नाव वरच्या पदासाठी चाललं होतं, ते आता बारगळलंच म्हणा, असंही कुणीतरी हळहळून सांगितलं. बाई जिन्यातून जाताना बोलणी थांबायची आणि त्या वळल्या की पुन्हा सुरू व्हायची. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही. त्यांनी दिवसभर नेहमीसारखंच काम केलं, नेहमीसारखंच दोघातिघांना फैलावर घेतलं.

संध्याकाळी वकील त्यांना दाराशी गाठून सोबत चालू लागले. चालता चालता म्हणाले, "बाई, राग मानू नका. भावाची केस माझ्याकडे द्या. फी-बी काही नको. जामिनाचं बघू आपण."

बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"कसला भाऊ, वकीलसाहेब? मी एकुलती एक."

वकील जागच्या जागी थबकले. त्यांनी मागे वळून कार्यालयाच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग बाईंच्या जवळ सरकून कुजबुजले, "मग तो ठिपका कुणाचा हो?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला कळलंच, तर कृपा करून मला सांगू नका."