घरचं नाक

परीक्षकबाईंनी फुलात नाक खुपसलं. बाहेर काढलं. चष्मा डोक्यावर सरकवून पुन्हा खुपसलं.

"रंग काय सुरेख आहे हो," त्या म्हणाल्या. "पण वास नाही."

"नीट घ्या," गुलाबवाला म्हणाला.

"नीटच घेतला. अजिबात नाही."

मेहुण्याचा चेहरा पडला. नवा गुलाब तपासायला बाईंना गाडीत घालून आणण्याचा आगाऊपणा त्याचाच. गुलाबवाल्याची बायको झारी हातात घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. पाणी तिच्या पायावर सांडत होतं.

वास असलेला पिवळा गुलाब, हे गुलाबवाल्याचं खूळ. लाल म्हणा, गुलाबी म्हणा, त्याच्या बागेत कशाची कमी नव्हती. पण पिवळे सगळे मुके. मग एका जातीचा पराग ब्रशनं दुसरीच्या फुलाला लावायचा, मधमाशीनं लुडबुड करू नये म्हणून वर कागदी पिशवी बांधायची, फळ धरलं की बी पेरायचं. रोप फुललं की वास घ्यायचा. नसला की रोप उपटायचं. हे सगळं ऐन भरात आलं आणि तापानं त्याला गाठलं. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. गवयाचे कान जावेत, तसं झालं. गुलाबवाला वाफ्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला.

तेव्हा बायको म्हणाली, "रडता कशाला? माझं नाक आहे ना!"

आता हे नवलच. लग्न झाल्यापासून तिनं बागेत पाऊल टाकलं नव्हतं. गुलाबांना ती सवत म्हणायची. "निघालात सवतीकडे? मग जेवणही तिकडंच उरका," हे तिचं रोजचं. तीच बाई आता रोज सकाळी नवऱ्याबरोबर वाफ्यात जायला लागली. एकेका फुलावर वाकायची आणि "आहे" किंवा "नाही" म्हणायची. "नाही" म्हटलं की गुलाबवाला रोप उपटून खताच्या खड्ड्यात टाकायचा. हुज्जत नाही, की पुन्हा विचारणं नाही. बघणारे म्हणायचे, इतका आज्ञाधारक नवरा दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

असं गाळता गाळता हा एक पिवळा उरला. फक्त नाव देऊन नोंद करायची राहिली होती. नोंदीआधी कुणी फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, जरी चोरून आपल्या रोपावर भरला, तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मागच्या वाफ्यात परक्याला बंदी होती. पण नोंद काही होईना. तो म्हणे, अजून एक बहर जाऊ दे. ती म्हणे, घाई काय आहे? मेहुण्याला वाटलं, दोघंही भिडस्त आहेत, आपणच धक्का द्यायला हवा. दिला.

"तुम्हाला सर्दी झालीय," गुलाबवाला आता परीक्षकबाईंना म्हणाला.

"मला? अहो, या नाकावर मी आजवर—"

"मग चोंदलं असेल. माझी बायको 'आहे' म्हणते, म्हणजे आहे. तिच्या नाकाला नावं ठेवायचं काम नाही."

मेहुण्यानं हळूच वाकून स्वतः वास घेतला. "ताई, खरंच काही येत नाही गं."

"तू गप्प बस!" गुलाबवाला ओरडला. "तुला जळलेलं दूध तरी कळतं का?"

बायकोनं झारी खाली ठेवली.

"त्याला कशाला ओरडता?" ती म्हणाली. "दोघंही खरं बोलताहेत. मलाच वास येत नाही."

"आज?"

"त्या तापापासून. तुमच्या पाठोपाठ मीही पडले होते ना, तेव्हाच गेला. तुम्ही इथं बसून रडत होता. त्यात मी काय सांगू, माझाही गेला म्हणून? मग म्हणत गेले आहे-नाही, आहे-नाही. ज्याला काटे कमी, त्याला आहे म्हणायचे. पाणी घालताना हात ओरबाडायचे हो."

परीक्षकबाईंनी फांदीवरून बोट फिरवलं. काटे मात्र खरोखरच नव्हते. त्या मेहुण्याकडे बघून खाकरल्या. मेहुणा "गाडी काढतो" म्हणाला आणि दोघं फाटकाबाहेर पडले.

बायको वाफ्याच्या कडेला बसून रडायला लागली. "तुमच्या सगळ्या कष्टांचं मी वाटोळं केलं. काहीतरी बोला. शिव्या तरी द्या."

गुलाबवाला तिच्याजवळ बसला.

"मला येतो वास," तो म्हणाला. "त्याच बहरात परत आला. एका सकाळी एकदम खताचा भपकारा आला. इतका आनंद झाला म्हणून सांगू!"

तिचं रडू थांबलं. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तू बागेत आली असतीस?"

तिनं खरंच विचार केला. नसती आली.

"म्हणजे याला वास नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि जी उपटलीत... त्यातल्या एखाद्याला होता?"

"एकाला होता. पिवळाधमक. फाटकापर्यंत घमघमायचा."

"अहो, पण मग ते उपटलंत कशाला?"

"तू नाही म्हणालीस ना," गुलाबवाला म्हणाला.