लोखंडी ताड

ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला होता. आता कारेलीबागेतल्या चौकात ताडाच्या झाडासारखा दिसणारा त्याचा टॉवर उभा राहणार होता. नकाशावर झाड पाहून नगररचनेच्या कारकुनाने मंजुरीची फाइल उद्यान खात्यात चारुलताबाईंकडे पाठवली. सगळे हसले. "परत पाठवा," साहेब म्हणाले. पण पूर्वी त्याच चौकातले सात कडुनिंब रस्तारुंदीकरणासाठी तोडायला सही बाईंचीच होती. त्यांनी शेरा मारला: ताडाभोवती सात कडुनिंब लावावेत, टॉवरच्या कंपनीने त्यांना पाच वर्षे पाणी घालावे. कंपनीचा गुजराती इंजिनिअर धावत आला. "बेन, आमचा ताड लोखंडाचा आहे, त्याला पाणी कशाला?" "मग त्याच्या वाटचं कडुनिंबांना घाला." त्याने हसत हमीपत्रावर सही केली. बाईंनी जुनी नोंदवही काढली. त्या चौकापुढे ‘तोडली’खाली सातचा आकडा, ‘लावली’चा रकाना कोरा. तिथे त्यांनी सात लिहिलं, नकाशातल्या ताडाकडे पाहिलं, आणि खोडून आठ केलं.