लाल चिंधी

"लांबच बसव," तो मिस्त्रीला म्हणाला. "आखूड घालून काय भाजी आणायला जायचंय?"

धाकटा भाऊ खो खो हसला. मिस्त्री मात्र हसला नाही. त्याने हात पुसले आणि बाकावरच्या दोन बंद लोखंडी डब्यांकडे बोट दाखवलं.

मागच्या चाकांना जोर पोचवणारे शेवटचे गिअर त्या डब्यांत होते. बाहेरून दोन्ही डबे जुळ्या भावंडांसारखे, फरक काय तो आतल्या दातांचा. बंद करतानाच मिस्त्रीने ओळखीसाठी चिंध्या बांधल्या होत्या, आखूड गिअरला लाल आणि लांबला निळी. एकदा बंद केलेला डबा तो पुन्हा उघडत नसे. चिंधीवर विसंबायचं आणि बसवायचं, ही त्याची जुनी रीत होती.

"दादा, नीट ऐका," मिस्त्री म्हणाला. "उद्याच्या शर्यतीत सुरुवातीलाच उतार आहे, मग सरळ पट्टा, मग पुलाचं वळण. आखूड बसवला तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकवलात तरी गाडी एका वेगापुढे जाणार नाही. वळण आरामात घेईल. लांब बसवला, तर वळणाआधी पाय काढावाच लागेल. नाही काढला, तर..."

"काढीन की," तो म्हणाला आणि तळहात पँटला पुसले.

त्याची बायको गाडीत वाकून सीटचं माप घेत होती. ती शिवणकाम करायची, सीटच्या नव्या गाद्या तीच शिवणार होती. त्या 'तर'पुढे काय येतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षीच्या शर्यतीत त्याच पुलाच्या कठड्यावर गाडी आपटली होती. तो खरचटण्यावर सुटला. शेजारी बसून रस्ता वाचून दाखवणारा धाकटा भाऊ मात्र कित्येक महिने अंथरुणाला खिळला. अजून तो लंगडायचा, आणि उद्या पुन्हा तिथेच बसणार होता.

"वहिनी, तोंड असं काय केलंय?" दीर म्हणाला. "दादा आहे ना. दादाला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी आधीच बांधलेली होती.

घरी आल्यावर तिने एकदा सांगून पाहिलं. "आखूडच घ्या ना. माझ्यासाठी."

"भावासमोर मला बायकोच्या पदराआड लपवू नकोस," तो म्हणाला आणि विषय संपला. जेवताना त्याने ताटातलं नुसतं चिवडलं. या माणसाला सांगून उपयोग नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

दुपारी गाद्या घेऊन ती गॅरेजात गेली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, पाच मिनिटं बसा, मी तेल घेऊन आलोच." तो गेला. बाकावर दोन डबे तसेच होते.

तिने आधी गाठी नीट पाहून घेतल्या. दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. आयुष्य सुईदोऱ्यात गेलेल्या बाईला ती गाठ म्हणजे डाव्या हाताचा मळ. लाल चिंधी सोडून तिने लांब गिअरच्या डब्याला बांधली, निळी आखूडच्या. गाठी हुबेहूब जमल्या. मिस्त्री परतला तेव्हा ती सीटवर गादी बसवत होती.

संध्याकाळी नवरा अचानक उठला. "हातमोजे गॅरेजात विसरलो," म्हणत निघून गेला. उद्याची बॅग भरताना तिला हातमोजे बॅगेतच सापडले. गाडीपासून याला क्षणभर करमत नाही, असं मनात म्हणत तिने चेन ओढली. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी पुलापाशी दोरीमागे बरीच गर्दी होती. गेल्या वर्षी ती इथेच डोळे मिटून उभी होती. आज डोळे उघडे होते. नवरा कितीही मर्दुमकी गाजवो, गाडी त्याचं ऐकणार नव्हती. कठड्याच्या नव्या सिमेंटकडेही ती आज धीटपणे पाहू शकली.

मिस्त्री शेजारी येऊन उभा राहिला. तो खुशीत दिसत होता.

"वहिनी, आज घाबरू नका हं."

"नाही घाबरत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"दादांनी कुणाला बोलायचं नाही म्हणून बजावलंय. पण तुमचा जीव टांगणीला लागलेला मला बघवत नाही." त्याने आवाज खाली आणला. "काल संध्याकाळी एकटेच आले होते. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. म्हणाले, त्या पुलाची मला फार भीती वाटते, पण भावाला कळता कामा नये. पाय काढला तर त्याला लगेच कळेल. म्हणून गाडीच अशी कर, की मी पाय तळाला टेकवून ठेवला तरी वळण निभावेल."

वर उताराच्या टोकाला इंजिनाचा आवाज उठला. माणसं दोरीवर वाकली.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय, लाल चिंधीचा बसवला. मी स्वतः, माझ्या हातांनी."

गाडी सरळ पट्ट्याला लागली. आवाज चढतच गेला, एकदाही उतरला नाही.